इंग्लिश चांदीची जुनी मेणबत्तीदानं: लिलावात हात वर करण्याआधी

मेणबत्तीदान हातात आलं की आधी पालथं करायचं. नक्षी, शिंपले, चकाकी हे सगळं नंतर. इंग्लंडमध्ये लिलावाच्या आदल्या एक-दोन दिवशी वस्तू बघायला मांडून ठेवतात. तिथे नवखा कोण आणि मुरलेला कोण हे लगेच कळतं. नवखा काचेच्या कपाटाशी उभा राहून फोटो काढतो. व्यापारी कपाट उघडून घेतो, दान उचलतो, उलटं करतो, भिंग लावतो, तळाच्या कडेवरून अंगठा फिरवतो आणि पुढच्या लॉटकडे वळतो. अर्धा मिनिटही लागत नाही.

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतो आणि बरेचसे शनिवार अशा प्रदर्शनांत घालवतो. पहिली जोडी मात्र फोटो बघून, घरबसल्या घेतली होती. वर्णनात ‘एकावर जुनी किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं. असेल काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. घरी आल्यावर खिडकीपाशी पायथ्यावर तोंडाची वाफ सोडली, तर कडेजवळ शर्टाच्या बटणाएवढा वाटोळा डाग उमटला आणि दोन सेकंदांत विरला. पुन्हा वाफ, पुन्हा तोच डाग. विसाव्या शतकात कुणीतरी त्या दानाचा टेबल-लॅम्प केला होता. वायर बाहेर काढायला पाडलेलं भोक नंतर चांदीची टिकली झाळून बुजवलं होतं. लिलावगृह खोटं बोललं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

पुढे जे लिहितोय ते त्या टिकलीनंतर शिकलेलं.

कॅटलॉगातली एक ओळ

नमुन्यादाखल मीच रचलेलं एक वर्णन घेऊ. अशी शेकडो वर्णनं तुम्हाला दिसतील:

‘जॉर्ज दुसरा, चांदीच्या ओतीव मेणबत्तीदानांची जोडी, विल्यम कॅफे, लंडन, १७५७. चौकोनी पायथा, कोपऱ्यांवर शिंपले, गाठीदार दांडा, सुटी नॉझल्स, कुलचिन्ह कोरलेलं. उंची २१ सेंमी, वजन ३८ औंस.’

‘जॉर्ज दुसरा’ म्हणजे त्या राजाच्या कारकिर्दीत, १७२७ ते १७६० या काळात घडवलेलं. त्याच्यापुढे ‘शैली’ हा शब्द आला की सगळं बदलतं. त्या दानाला रूप १७५० चं असेल, पण जन्म कदाचित १९१० चा. व्हिक्टोरियाच्या आणि एडवर्डच्या काळात अशा नकला उघडपणे, स्वतःच्या काळाचे शिक्के मारून केल्या जात. त्यात फसवणूक नाही, फक्त भाव वेगळा. कॅटलॉग लिहिणारा माणूस शब्द मोजून वापरतो, तेव्हा वाचतानाही मोजूनच वाचावे लागतात. ‘असोसिएटेड’ असेल तर नॉझल (वरचं सुटं, मेण झेलणारं तबक) किंवा दुसरं दान मूळचं नाही. ‘मॅच्ड पेअर’ म्हणजे जन्माची जोडी नव्हे, लावून दिलेली जोडी. ‘रब्ड’ म्हणजे शिक्के झिजलेत. ‘लोडेड’ हा शब्द दिसला तर वजनाचा आकडा विसरायचा. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण नवखे सगळ्यात जास्त तिथेच अडकतात.

कॅफे हे नावही समजून घेण्यासारखं आहे. जॉन आणि विल्यम हे दोघे भाऊ. जॉन हा जेम्स गूल्ड नावाच्या मेणबत्तीदानं घडवणाऱ्याकडे उमेदवारीला होता आणि नंतर विल्यम जॉनकडे शिकला. गूल्ड, कॅफे, एबेनेझर कोकर ही मंडळी मुख्यतः मेणबत्तीदानं घडवत. अठराव्या शतकाच्या मध्यातल्या लंडनमध्ये हा स्वतंत्र धंदाच झाला होता. त्यामुळे त्यांची कामं बाजारात पुष्कळ येतात, आणि पुष्कळ येतात म्हणून शिकायला बरी. त्याच शतकातला लंडनचा नामांकित चांदीकार पॉल द लामेरी याचं नाव दिसलं तर ती वेगळी दुनिया आणि वेगळं खिसापाकीट. तिथे या लेखाचा उपयोग नाही.

वजन, तोळ्यांत

इथे औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. किराणा दुकानातला २८ ग्रॅमचा औंस नव्हे. आपल्याला तो पटकन समजायला एक सोयीचा हिशेब आहे: तीन ट्रॉय औंस म्हणजे बरोबर आठ तोळे. ३८ औंसांची जोडी म्हणजे साधारण १०१ तोळे, १,१८२ ग्रॅम. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी भरते सुमारे १,०९३ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा भाव लावला की मोडीची किंमत हातात येते. प्रत्येक लॉटपुढे मी हा आकडा पेन्सिलीने लिहितो. तो वस्तूचा भाव नाही, पण पायाखालची जमीन कुठे आहे ते सांगतो. चांदी चढती असताना साध्या, झिजलेल्या जोड्या या जमिनीच्या फार वर जात नाहीत. मग सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं काम जवळजवळ फुकट मिळाल्यासारखं असतं.

आता तळाकडे. बऱ्याच जुन्या दानांच्या तळावर सुईने खरवडल्यासारखा एक आकडा असतो. समजा तो ‘१८=१५’ असा आहे. म्हणजे १८ औंस १५ पेनीवेट. वीस पेनीवेटचा एक औंस, तेव्हा हे झालं पावणेएकोणीस औंस, ५८३ ग्रॅम. घराण्याच्या चांदीची मोजदाद ठेवण्यासाठी त्या काळी हे आकडे कोरत, नोकराचाकरांच्या हाती सगळं असल्यामुळे. आज काट्यावर ५७५ आले तर आनंद माना. अडीचशे वर्षांच्या पॉलिशने एवढी झीज होणारच. ५४० आले तर काहीतरी गेलंय, बहुधा नॉझल बाजूला काढून तोललंय किंवा नॉझल दुसरंच आहे. आणि ६०० आले तर जास्त काळजी करा. चांदी वाढत नसते. काहीतरी घातलंय, भरलंय किंवा बदललंय.

त्या आकड्याशेजारी कधी ‘नंबर ३’ असंही कोरलेलं दिसतं. मग समजायचं की ही जोडी कधीकाळी चारांच्या, कदाचित आठांच्या संचातून फुटली आहे. दोन दानांवर ३ आणि ४ असेल तर ठीक. एकावर १ आणि दुसऱ्यावर ६ असेल तरी ती एकाच घरची, पण वाटण्या झालेली भावंडं.

शिक्के वाचताना

लंडनच्या १७५७ च्या दानावर चार शिक्के अपेक्षित. चालता सिंह, म्हणजे स्टर्लिंग. मुकुट घातलेलं बिबट्याचं तोंड, म्हणजे लंडनची तपासणी. एक अक्षर, म्हणजे वर्ष. आणि कारागिराच्या नावाची आद्याक्षरं. अक्षरांचं चक्र लंडनमध्ये वीस वर्षांचं, ए ते यू, त्यात ‘जे’ हे अक्षर वगळलेलं. १७१६, १७३६, १७५६, १७७६, १७९६, १८१६ या वर्षांत चक्र नव्याने ए पासून सुरू झालं आणि दर वेळी अक्षराचं वळण किंवा भोवतीची ढाल बदलली. त्यामुळे १७५७ ला जुन्या वळणाचा बी यायला हवा. ही सहा वर्षं पाठ केली तर पुस्तक न उघडता दशक सांगता येतं. एक बारकावा: अक्षर जानेवारीत नाही, मे महिन्याच्या शेवटी बदलत असे. म्हणून काटेकोर कॅटलॉग ‘१७५७/५८’ लिहितात.

अजून काही तारखा खिशात ठेवण्यासारख्या आहेत. १६९७ ते १७२० या काळात स्टर्लिंगला बंदीच होती. लोक चांदीची नाणी कातरून, वितळवून भांडी करू लागले, म्हणून सरकारने भांड्यांसाठी जास्त कसाची, हजारात ९५८ भागांची चांदी सक्तीची केली. त्या काळच्या दानांवर चालत्या सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि सिंहाचं मुंडकं दिसतं. १७८४ च्या डिसेंबरपासून चांदीवर औंसाला सहा पेन्स कर लागला आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या डोक्याचा शिक्का आला, तो १८९० पर्यंत. १८२१ मध्ये बिबट्याचा मुकुट गेला. म्हणजे १७५७ म्हणून विकायला काढलेल्या दानावर राजाचं डोकं दिसलं, तर कुणीतरी चुकलंय. आणि १७९० च्या म्हटलेल्या दानावर ते नसेल, तर थांबून विचारायचं.

आद्याक्षरांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. एकाच वेळी एकाच अक्षरांचे दोन-तीन कारागीर असत. त्यात १७६० च्या दशकातली मोठ्या कारागिरांची नोंदवही गहाळ झालेली आहे, म्हणून त्या काळातली काही नावं तज्ज्ञही अंदाजानेच सांगतात.

शिक्के कुठे आहेत हे ते काय आहेत याइतकंच महत्त्वाचं. ओतीव दानाचे शिक्के तळाच्या आतल्या बाजूला, बहुतेकदा कोपऱ्यांत विखुरलेले. ते एकेक करून हाताने ठोकलेले असतात, त्यामुळे जोडीतल्या दोन दानांवर ते कधीही तंतोतंत सारख्या जागी, सारख्या कोनात येत नाहीत. आता नकली बनवणारा काय करतो? एक खरं दान घेतो, त्याचा साचा काढतो आणि शिक्क्यांसकट ओततो. मग दोन्ही दानांवर सिंह त्याच जागी, तेवढाच कलंडलेला, शेजारी तोच बारीक ओरखडा. भिंगाखाली अशा शिक्क्याच्या कडा साबणाच्या वडीवर उमटलेल्या नावासारख्या गुळगुळीत दिसतात आणि तळाला रवाळ कण असतात. ठोकलेल्या शिक्क्याची कड धारदार, निदान एका बाजूला तरी. दोन्ही तळ शेजारी शेजारी ठेवून एकच फोटो पाठवा, असं लिलावगृहाला सांगा. हा एक फोटो पानभर वर्णनापेक्षा उपयोगी. खोट्या शिक्क्यांना एकेकाळी इंग्लंडात फाशीची शिक्षा होती. १७७३ मध्ये ती कमी करून चौदा वर्षांची काळ्या पाण्यासारखी हद्दपारी केली. तरी धंदा थांबला नाहीच.

नॉझल, म्हणजे वरचं सुटं, मेण झेलणारं तबक. १७४० च्या आसपासपासून ही सुटी नॉझल्स रुळली. त्याआधीच्या दानावर ते दिसलं तर बहुधा नंतर जोडलेलं. मूळच्या नॉझलवरही निदान सिंह आणि कारागिराची अक्षरं हवीत. काहीच नसेल तर ते बदललेलं धरा आणि बोली कमी करा. वस्तू सोडायची गरज नाही.

ओतीव दान कसं घडतं आणि कुठे दुखतं

फ्रान्समध्ये १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना मिळालेली धार्मिक मुभा काढून घेतली गेली आणि तिथले ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, कारागीर लंडनला आले. ओतीव कामाला त्यांच्यामुळे जोर चढला. दांडा दोन उभ्या अर्ध्यांत ओतायचा, ते अर्धे झाळून जोडायचे, मग तो ओतलेल्या पायथ्यावर बसवायचा. म्हणून दांड्याच्या दोन बाजूंना, वरपासून खालपर्यंत, केसासारखी बारीक झाळ सापडते. कधी ती इतकी घासलेली असते की वाफ सोडल्याशिवाय दिसत नाही. ही झाळ दिसणं चांगलं लक्षण आहे.

वाफेचा प्रयोग इथला जुना आणि फुकटचा. गार दानाजवळ तोंड नेऊन ‘हा’ करायचं आणि वाफ विरताना निरखायचं. झाळलेला भाग, टिकली, खोडलेलं चिन्ह हे आजूबाजूच्या चांदीपेक्षा वेगळ्या वेगाने कोरडे होतात. कर्मचाऱ्यांसमोर संकोच वाटू देऊ नका, सगळे करतात.

तिरकं उजेडात धरून पायथ्याचा मधला भाग बघा. तिथे कुणाचं तरी कुलचिन्ह कोरलेलं असायचं. पुढच्या मालकाने ते घासून काढलं असेल तर त्या जागी प्रतिबिंब किंचित खोलगट, पाण्यात पाहिल्यासारखं होतं. ओतीव पायथा जाड असतो, त्यामुळे खोडण्याने फार बिघडत नाही. पण खोडून वर नवं, जास्त मोठ्या घराण्याचं चिन्ह कोरलं असेल तर ते भाव चढवण्यासाठी केलंय. जुन्या कोरीवकामाच्या रेघा पॉलिशने मऊ झालेल्या असतात. नव्या रेघा नखाला लागतात.

पायथ्याच्या कोपऱ्यांवरचे शिंपले आणि दांड्याच्या गाठी झिजल्यात का बघा. थोडी झीज शोभते. शिंपल्याच्या रेषा पार पुसल्या असतील तर पिढ्यानपिढ्या कुणीतरी पॉलिशवर हात साफ केलाय. मग टेबलावर दोन्ही दानं ठेवून डोळे त्यांच्या उंचीला आणा. एक कलतं का, हे लगेच दिसतं. तळाच्या कडेला कुठे बुजवलेलं वाटोळं भोक आहे का, हे मी आता सगळ्यात आधी बघतो.

करड्या रंगाचा, शिशासारखा ठिपका दिसला तर तो शिशाच्या डाखाचा. हा वाईट. शिसं चांदीत मुरतं, आणि त्या जागी पुन्हा चांदीची झाळ देताना उष्णतेने शिसं चांदीला खाऊन भोक पाडतं. असं दान दुरुस्त होत नाही असं नव्हे, पण दुरुस्तीचं बिल दानाला झेपत नाही.

शेफील्डची भरीव दानं, जी खरी पोकळ असतात

१७७० च्या सुमाराला फॅशन बदलली. ठेंगणी, वळणदार दानं गेली आणि तीस सेंटिमीटरच्या आसपास उंचीची, रोमन खांबासारखी दानं आली. मेंढ्याची मुंडकी, फुलांचे हार, पानं. ही शेफील्डमध्ये पातळ पत्र्यावर पोलादी ठसा मारून केलेली. पत्रा इतका पातळ की तसंच ठेवलं तर हाताने चेपेल, म्हणून आत लोखंडी सळई, राळ किंवा प्लास्टर भरायचं आणि तळाला हिरवं बनातीचं कापड किंवा लाकूड लावून बंद करायचं. हेच ‘लोडेड’. हातात घेतलं तर ओतीव दानाहून जड लागतं आणि इथेच मन फसतं. ते वजन राळेचं असतं. चांदी त्यात किती आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रामाणिक कॅटलॉग वजन देतच नाही. कुणी दिलं असेल तर त्यावरून मोडीचा हिशेब करू नका.

शेफील्ड आणि बर्मिंगहॅमला स्वतःची तपासणी कार्यालयं १७७३ मध्ये मिळाली. त्यासाठी बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन पार्लमेंटमध्ये झगडला. बर्मिंगहॅमचा शिक्का जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट. लंडनमधल्या क्राउन अँड अँकर नावाच्या खानावळीत बैठका झाल्या म्हणून ही दोन चिन्हं पडली, असं सांगतात. गोष्ट खुमासदार आहे, खरीच असेल असं नाही. शेफील्डचा मुकुट १९७५ पर्यंत टिकला, मग गुलाब आला.

या दानांवर शिक्के तळाला नसतात, पायथ्याच्या कडेवर बाहेरून असतात, कारण तळ बंद. आणि काही वेळा शेफील्डच्या कारागिराच्या अक्षरांवर लंडनच्या विक्रेत्याने आपली अक्षरं ठोकलेली दिसतात. लंडनच्या जॉन कार्टरने असं बरंच केलं. भिंगाखाली त्याच्या अक्षरांखालून पहिल्या अक्षरांची शेपटी डोकावते. ते सापडलं की मला फार मजा येते. भावात फरक पडत नाही.

पत्र्याच्या दानात काय बघायचं? मेंढ्याची नाकं, पानांची टोकं, पायथ्याचे कोपरे. ठसा मारताना तिथे पत्रा सगळ्यात जास्त ताणला जातो, म्हणून झीज तिथून सुरू होते आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, आतली राळ. मग दान कानाशी धरून हलवा. खडखडलं तर आतलं प्लास्टर फुटलंय. दुरुस्ती अवघड, कारण झाळायला उष्णता दिली की राळ वितळून बाहेर येते. आधी सगळं रिकामं करावं लागतं. म्हणून फटी, भोकं असलेली भरलेली जोडी मी पूर्ण सोडून देतो, कितीही देखणी असली तरी.

चांदीची नसलेली भावंडंही शेजारी मांडलेली असतात. थॉमस बोल्सोव्हरने १७४० च्या दशकात शेफील्डमध्ये तांब्यावर चांदीचा पत्रा एकजीव करण्याची रीत काढली, ती ओल्ड शेफील्ड प्लेट. कडेला झिजून तांबूस रंग डोकावला तर ती. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कारखानदारांनी विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि ओल्ड शेफील्डचे दिवस संपले. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर ‘इंग्लिश सिल्वर’ म्हणून जे दाखवतात ते बहुतांशी हेच विजेच्या मुलाम्याचं. चार छोट्या ढालींत चार अक्षरं बघून ते हॉलमार्क वाटतात. ई, पी, एन, एस अशी ती अक्षरं वाचता आली तर निकेलच्या मिश्रधातूवर मुलामा आहे इतकाच अर्थ. चालता सिंह कुठेच नसतो.

जोडी, एकटं, चौकडी

चारांचा मूळ संच दोन जोड्यांच्या बेरजेपेक्षा महाग जातो आणि एकटं दान जोडीच्या निम्म्याहून बरंच स्वस्त. विक्रेत्याला हे दुःख, शिकणाऱ्याला ही संधी. मला कुणी विचारलं की पहिलं काय घेऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: अठराव्या शतकाच्या मध्यातलं एकटं ओतीव दान, शिक्के स्पष्ट, दुरुस्ती नसलेलं. त्याला वाटेल तितक्या वेळा पालथं करून बघा. वर्षभराने हात इतका तयार होतो की जोडी उचलताच काहीतरी खटकतं. आणखी एक स्वस्त वाट म्हणजे टेपरस्टिक, दहा-बारा सेंटिमीटरचं छोटं दान, पत्रावर लाख लावताना वापरायचं. लहान आहेत, पण ओतकाम तेच. लंडनमध्ये असाल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालनं फुकट बघता येतात आणि चॅन्सरी लेनवरच्या सिल्वर व्हॉल्ट्समध्ये दुकानदार वस्तू हातात देतात. घेतलं नाही तरी चालतं, पण सोनाराच्या पेढीवर वागतो तसं वागा.

बोलीचा आकडा घरी ठरवा

हातोडा पडलेला आकडा म्हणजे तुमचं बिल नव्हे. त्यावर लिलावगृह खरेदीदाराकडून आपलं शुल्क घेतं, तो प्रीमियम. समजा तो २६ टक्के आहे. तो प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, अटींत वाचा. २,००० पौंडांवर हातोडा पडला तर प्रीमियमचे ५२०, त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅटचे १०४, एकूण २,६२४. ऑनलाइन संकेतस्थळावरून बोली लावलीत तर त्याचा आकार वेगळा. तो ५ टक्के अधिक व्हॅट असेल तर आणखी १२० पौंड.

म्हणून हिशेब उलटा करा. एकूण २,५०० पौंडच खर्चायचे ठरलेत, तर वरच्या दराने २,५०० ला १.३१२ ने भागायचं. आले १,९०५. तुमची शेवटची बोली १,९००. ऑनलाइन असाल तर १.३७२ ने भागा, म्हणजे १,८०० च्या पुढे नाही. हा आकडा कागदावर लिहून कॅटलॉगात टाचून ठेवा. मोठ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल असतात. त्याच कारागिराच्या, त्याच उंचीच्या आणि वजनाच्या तीन-चार जोड्या कितीला गेल्या ते बघून मगच आकडा ठरवा. विकल्या न गेलेल्या लॉटांच्या नोंदीही बघा, त्या जास्त शहाणपण शिकवतात.

प्रत्यक्ष जाता येत नसेल तर स्थिती-अहवाल मागा, तोही लेखी. मी आता एवढंच विचारतो: दोन्ही तळांचा एकत्र फोटो, दोन्ही नॉझल्सवरचे शिक्के, एकेका दानाचं वेगळं वजन, कुठे झाळ किंवा बुजवलेलं भोक आहे का, दान कलतं का. उत्तर ‘सर्वसाधारणपणे चांगलं’ असं आलं तर पुन्हा विचारा. दुसऱ्यांदाही तेच आलं तर बोली लावू नका.

लिलावाच्या दिवशी एका लॉटला अर्धा-एक मिनिट मिळतो. बोलीची उडी हजारापुढे शंभराची असते, पुढे आणखी मोठी. समोरचा माणूस उत्साही वाटला तरी तुमच्या कागदावरचा आकडा बदलत नाही. आणि खरं सांगायचं तर मी हा नियम दोनदा मोडलाय, दोन्ही वेळा कोकरच्याच जोड्यांसाठी.

भारतात आणायचं असेल तर

लिलावगृहं बहुधा पॅकिंग करत नाहीत. वेगळा वाहतूकदार नेमावा लागतो आणि त्याचं बिल छोट्या जोडीला बोचतं. सीमाशुल्क काय लागेल हे बोली लावण्याआधी कस्टम्स एजंटला विचारा, त्याला हॉलमार्कवरून ठरलेलं वर्ष आणि वजन द्या. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्याचं लिलावगृहाच्या बिलावर लिहून घ्या. दुसरी बाजूही लक्षात असू द्या. आपल्याकडचा १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावस्तू मानतो आणि त्यांच्या खासगी निर्यातीला मनाई करतो. मुलगी लंडनला आहे, पुढेमागे तिला पाठवू, असा विचार असेल तर दान तिच्याचकडे ठेवणं शहाणपणाचं.

घरी आल्यावर

मेण सुरीने खरवडायचं नाही. ओतीव दान कोमट पाण्यात धरलं की मेण मऊ पडून निघतं. राळ भरलेल्या दानाला गरम पाणी, ओव्हन, फ्रीझर यांतलं काहीही लावायचं नाही, कोमट ओल्या फडक्याने आणि धीराने काढा. आजची मेणबत्ती जुन्या खोबणीत बसेलच असं नाही. बुड किंचित गरम पाण्यात बुडवून दाबा, सैल असेल तर कागदाची पट्टी गुंडाळा, पण जोर लावून घुसवू नका. पॉलिश वर्षातून एकदा पुरे, आणि कोरलेल्या कुलचिन्हावर बोट जपून फिरवा.

दोन्ही तळांचे फोटो काढून बिलाबरोबर ठेवा. माझ्या टिकलीवाल्या जोडीच्या बिलामागे मी त्या वाटोळ्या डागाचं चित्र पेन्सिलीने काढून ठेवलंय, कडेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून. विकायला काढेन तेव्हा ते कॅटलॉगवाल्याच्या हातात आधी देईन.